भांडी घासायचा साबण : राखेपासून बाटलीपर्यंत



आपल्या या समूहावर इंदूरच्या आठवणी लिहिणारे बहुतेक जण राजवाडा, सराफ्यातलं खाणं, गणेशोत्सवातली व्याख्यानं आणि अनंत चतुर्दशीच्या झांक्या यांबद्दल लिहितात. खाऊन झाल्यावरच्या खरकट्या भांड्यांबद्दल कोणी लिहीत नाही. मी आज मोरीबद्दल लिहिणार आहे. कारण असं की गेल्या वर्षी आमच्या घरात भांड्यांच्या साबणावरून चांगलाच वाद झाला आणि निवाडा करायचं काम माझ्याकडे आलं.

घरात नातू अकरा महिन्यांचा, नात चार वर्षांची. नातू वरचं खायला लागला होता. त्याच्या वाटी-चमच्याला साबणाचा वास येतो, ही सुनेची तक्रार. तिने एक महागडी बाटली मागवली. बाटलीवर हिरवं पान, खाली लिंबाची फोड आणि ठळक अक्षरांत "नैसर्गिक, लहान मुलांसाठी सुरक्षित". आमची ही म्हणाली, "अहो, नैसर्गिकच हवं तर रिठे आणा की मारोठिया बाजारातून. पानाच्या चित्राचे पैसे कशाला द्यायचे?" मुलाचं म्हणणं, साधी वडी काय वाईट आहे, आपण सगळे त्यावरच वाढलो. शेवटी सूनबाई म्हणाली, "बाबा, तुम्ही बँकेत लोकांच्या फायली पास करायचात ना? मग ही बाटली पास करा नाहीतर नामंजूर करा."

मी बी.कॉम. माणूस. रसायनशास्त्राशी संबंध अकरावीपर्यंतच. पण फाईल वाचायची सवय सुटत नाही, आणि या विषयाची माझी फाईल तशी जुनी आहे.

ती सुरू होते जुन्या इंदुरातल्या आमच्या वाड्यात. सात बिऱ्हाडं, मागे एक सामायिक मोरी, तिच्या कडेला दगडी कुंडी. दुपारी दोनच्या सुमारास सगळ्या घरांची भांडी तिथे यायची. आम्ही इंदूरवाले भांडी "मांजतो" म्हणायचो, पुण्याहून आलेले पाहुणे त्यावर हसायचे. घासायला नारळाचा काथ्या आणि चुलीतली राख. राखसुद्धा कुठलीही चालत नसे. लाकडाची राख आजी चाळणीने चाळून डब्यात ठेवायची. शेगडीतल्या दगडी कोळशाची राख मात्र भांड्यांना लावू द्यायची नाही. तिने ओरखडे पडतात, कल्हई जाते, एवढंच तिचं कारण. त्या राखेत जड धातूंचे अंश असतात हे मी पुढे वाचलं. आजीने वाचलं नव्हतं, पण राख बाहेर टाकली जायची हे खरं.

लाकडाच्या राखेने भांडं का निघतं, याचं उत्तर सोपं आहे. तिच्यात पोटॅशियम कार्बोनेट नावाचा क्षार असतो. ओल्या राखेने तेलकटपणा सुटतो, थोडाफार साबणही तिथल्या तिथे तयार होतो, आणि बारीक कण घासायचं काम करतात. म्हणजे राख हेही एक रसायनच. आणि सौम्य तर मुळीच नाही. वाड्यात भांडी घासायला येणाऱ्या बाईंच्या बोटांच्या पेरांना हिवाळ्यात चिरा पडायच्या, त्यांत त्या रात्री मेण आणि तेल कढवून भरायच्या. राखेचे गोडवे गाणाऱ्या लेखांत या चिरा कुठे दिसत नाहीत, म्हणून मुद्दाम लिहितोय.

त्या काळात भांड्यांच्या बाबतीत "सुरक्षित" म्हणजे काय? तर कल्हई. पितळेच्या पातेल्याची कल्हई उडाली की आमटी कळकायची. चिंच-ताक आत गेलं की हिरवट चव, मग पोटात मळमळ. म्हणून कल्हईवाल्याची हाक आली की आई हातातलं काम टाकून बाहेर जायची. भांडं कशाने घासलं यापेक्षा भांड्याच्या आतून अन्नात काय उतरतं, याची काळजी जास्त होती. बाळाचं चांदीचं बोंडलं तर राखेला लागतच नसे. ते रिठ्याच्या पाण्यात बुडवून, मऊ फडक्याने पुसून, वर कढत पाण्यातून काढायचं. सराफ्यात दागिने उजळायला रिठाच वापरतात, तोच हा रिठा.

आजीचा दुसरा नियम विसळण्याचा. घासणारी एक, विसळणारी दुसरी. तीन बादल्या. पहिलीतलं पाणी राखाडी, दुसरीतलं गढूळ, तिसरीतलं स्वच्छ राहिलं पाहिजे. तिसऱ्या बादलीचं पाणी गढुळलं तर पुन्हा पहिल्यापासून. शेवटी आजी ताटावरून अंगठा फिरवायची. "कुर्र" असा आवाज आला तर ताट फळीवर, नाहीतर परत मोरीत. आणि हे सगळं पाण्याची ओढ असताना. नर्मदेचं पाणी इंदुरात आलं 1978 साली. त्याआधी उन्हाळ्यात एकेक हंडा मोजून वापरलेला आम्हाला आठवतो. तरी तिसरी बादली कधी चुकली नाही.

यानंतर घरोघर गॅस आला, राख संपली. कपड्यांच्या पावडरी स्वस्त झाल्या आणि त्यातलीच चिमूट भांड्यांना लागू लागली. साबण आणि डिटर्जंट यांतला फरक मला तेव्हा कळला नव्हता, तो कळला बँकेमुळे.

साल 1984 च्या आसपासचं. लघुउद्योगांची कर्जं माझ्याकडे होती. सांवेर रोडवर एक छोटा कारखाना कपड्यांच्या आणि भांड्यांच्या वड्या करायचा. खेळत्या भांडवलाची मर्यादा वाढवून मागितली होती, म्हणून मी स्टॉक तपासायला गेलो. आम्हा बँकवाल्यांना मालाची यादी तोंडपाठ होते : ॲसिड स्लरी, सोडा ॲश, सोडियम सिलिकेट, डोलोमाईट, चायना क्ले, रंग, सुगंध. ॲसिड स्लरी म्हणजे पेट्रोलियमपासून बनणारा काळपट, दाट द्रव. मळ सोडवायचं खरं काम तिचं, सोडा ॲश तिला मदत करते. डोलोमाईट आणि चायना क्ले ही दगड-मातीची भुकटी. तिने घासायला थोडी मदत होते, पण मुख्य म्हणजे वजन भरतं.

गोदामात दोन थप्प्या होत्या. एक साधी निळी वडी, दुसरी पिवळट, लिंबाचं चित्र असलेली, भावाने जास्त. स्टॉकच्या यादीत लिंबू कुठे दिसेना. मी मालकांना विचारलं. ते मोकळेपणाने हसले. "साहब, माल तो एक ही है। नींबू मैल नहीं काटता, ग्राहक काटता है।" माणूस प्रामाणिक होता, हप्ते वेळेवर भरायचा. त्याचं वाक्य मात्र मी आजतागायत विसरलो नाही. सूनबाईंच्या बाटलीवरची लिंबाची फोड बघताना तेच कानात वाजत होतं.

आता एक गोष्ट सांगतो, ती सांगावी की नाही याचा पुष्कळ विचार केला. पण लहान मुलांचं घर आणि साबण असा विषय असेल तर ती टाळता येत नाही.

पुढे माझी बदली निमाडातल्या एका गावी झाली. शेजारी एका शिक्षकांचं बिऱ्हाड होतं. त्या भागात तेव्हा घरीच साबण करायची पद्धत होती. स्वस्तातलं तेल, पाणी आणि कॉस्टिक सोडा. बाजाराच्या वडीत काय काय घालतात कोण जाणे, घरचं ते शुद्ध, असं सगळ्याच बायका म्हणायच्या. एका रविवारी शेजारच्या वहिनींनी कॉस्टिक पाण्यात विरघळवून स्टीलच्या पेल्यात निवायला ठेवलं. दिसायला ते पाण्यासारखंच दिसतं. तीन वर्षांचा मुलगा खेळून आला, तहान लागलेली, त्याने पेला तोंडाला लावला.

त्याची किंकाळी आमच्या घरापर्यंत आली. धावत गेलो. कोणी म्हणालं मिठाचं पाणी पाजा, उलटी करवा. गल्लीतले कंपाउंडर वेळेवर पोचले म्हणून बरं. त्यांनी हात धरून थांबवलं. "जे जाताना जाळत गेलं ते येताना पुन्हा जाळेल," असं ते म्हणाले. जीपमधून पोराला इंदूरला आणलं. जीव वाचला. पण अन्ननलिका आकसली. पुढची कितीतरी वर्षं ती रुंद करायला त्याला वारंवार दवाखान्यात न्यावं लागायचं, आणि घरात लग्न असो की दिवाळी, तो पातळ भातच खायचा. आज तो चाळिशीत आहे, नोकरी करतो, भेटतो. वहिनींनी मात्र नंतर घरात कधी साबण केला नाही. घरचं, शुद्ध, बिनभेसळीचं, सगळं खरं होतं. फक्त ते पाणी पिण्याच्या पेल्यात होतं आणि मुलाच्या हाताला लागेल असं होतं.

तर ही सगळी फाईल डोक्यात घेऊन मी सूनबाईंची बाटली तपासायला बसलो. जवळ भिंग घेतलं, कारण महत्त्वाचं ते नेहमीच बारीक अक्षरांत असतं. कंपनीच्या वार्षिक अहवालात पहिल्या पानांवर अध्यक्षांचं भाषण असतं आणि खरी गोम शेवटच्या टीपांमध्ये. बाटलीचंही तसंच. पुढची बाजू म्हणजे भाषण, मागची बाजू म्हणजे टीपा. एका भाचीने रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलंय, तिला फोन करकरून मी एकेक शब्द समजून घेतला. जे कळलं ते आपल्या भाषेत सांगतो.

पहिलं, "केमिकल-फ्री" या शब्दाला काही अर्थ नाही. पाणीही रसायन आणि मीठही. दुसरं, "नारळापासून बनवलेलं" हे खरं असू शकतं आणि तरी त्याने फारसं काही ठरत नाही. सोडियम लॉरेथ सल्फेट, ज्याला घाबरून लोक महागडी बाटली घेतात, तेही बहुधा नारळाच्या किंवा पामच्या तेलापासूनच सुरू होतं. डेसिल ग्लुकोसाइड, कोको ग्लुकोसाइड ही नावं दिसली तर ती तुलनेने सौम्य, तीही तेल आणि साखरेपासून. म्हणजे उगम एकच, पुढे काय घडवलं त्यावर स्वभाव ठरतो. एकाच घरातले दोन भाऊ असतात तसं.

तिसरं, त्वचेला जास्त त्रास कशाचा होतो? पुष्कळदा सुगंधाचा आणि टिकाऊपणासाठी घातलेल्या द्रव्यांचा. मिथाइलआयसोथायाझोलिनोन असं लांबलचक नाव आहे. अमेरिकेतल्या त्वचाविकार तज्ज्ञांच्या एका संस्थेने 2013 साली त्याला त्या वर्षाचा प्रमुख ॲलर्जीकारक पदार्थ ठरवलं होतं. गंमत म्हणजे संत्र्या-लिंबाच्या सालीतलं लिमोनीन हे तर शंभर टक्के नैसर्गिक, पण हवा लागून जुनं झालं की तेही कित्येकांच्या त्वचेला चावतं. सूनबाईंच्या "नैसर्गिक" बाटलीत ही दोन्ही नावं होती. पान आणि फोड पुढे, ही दोघं मागे.

चौथं, आपल्याकडे 1991 सालापासून केंद्र सरकारची "इकोमार्क" योजना आहे, तिचं चिन्ह मातीचं मडकं. ज्या दुकानात मी गेलो तिथल्या एकाही बाटलीवर ते मडकं दिसलं नाही, पानं मात्र डझनभर दिसली. ऑक्टोबर 2024 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मार्गदर्शक तत्त्वं काढली, की "नैसर्गिक", "पर्यावरणपूरक" असले शब्द वापरायचे तर त्यामागचा पुरावाही द्यावा. म्हणजे विचारायचा हक्क आपल्याला आहे. तारणाशिवाय नुसत्या शब्दावर कर्ज देत नाहीत, तसंच हे.

मग हिच्या रिठ्याची पाळी आली. तिचाही प्रस्ताव त्याच कसोटीवर तपासला, घरातली म्हणून सवलत नाही. रिठ्याच्या सालीत सॅपोनिन असतं, त्याचा फेस येतो, तेल सुटतं. दहा-बारा रिठे फोडून, बी काढून, रात्रभर भिजवायचे, सकाळी उकळून गाळायचे. वरण-भाताची ताटं, पेले, वाट्या यांना ते उत्तम. पण भजी तळलेली कढई त्याने एका हातात निघत नाही. आणि ते पाणी दोन-तीन दिवसांत आंबतं, फ्रिजमध्ये ठेवावं लागतं, कारण त्यात टिकवणारं काही नाही. डोळ्यांत गेलं तर भयंकर झोंबतं. खेड्यापाड्यांतून रिठा कुटून पाण्यात टाकून मासे पकडायची जुनी पद्धत आहे, माशांना ते विषच. म्हणजे "झाडावरून आलं म्हणून मुलाच्या हाताशी ठेवलं" असं रिठ्याच्याही बाबतीत चालणार नाही.

आणि मुलाची वडी? तिच्यातली भुकटी पूर्ण विसळली नाही तर वाळल्यावर स्टीलवर पांढरी राप दिसते. आमच्याकडे नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं, बाकी बोअरिंग. बोअरिंगचं पाणी जड. जड पाण्यात साधा साबण फुटतो, त्याचा चिकट साका बसतो. डिटर्जंटचं तसं होत नाही, म्हणून तर ते घरोघर आलं. पण वडी ओल्या ताटलीत पडून लगदा होते, घासणीवर गरजेपेक्षा तिप्पट येते, आणि तेवढं विसळायला पाणी लागतं ते कोणी देत नाही.

इथे मला आजीची तिसरी बादली आठवली. तिन्ही पक्षांचा वाद काय घ्यायचं यावर होता. नातवाच्या वाटीला वास यायचा तो साबण वाईट म्हणून नव्हे, तो वाटीत राहून जायचा म्हणून. स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी हॉटेलांतल्या भांडी धुण्याच्या यंत्रांत शेवटी वापरतात त्या चमक आणणाऱ्या द्रवाचा अभ्यास केला होता. तो द्रव भांड्यावर तसाच वाळतो, आणि प्रयोगशाळेत आतड्याच्या पेशींच्या अस्तराला त्याने इजा झालेली त्यांना दिसली. आपल्या मोरीत ते द्रव्य नसतं, पण धडा तोच. जे भांड्यावर राहतं ते पोटात जातं. महाग बाटली अर्धवट विसळली तर ती स्वस्त आणि नीट विसळलेल्या वडीपेक्षा वाईट.

निकाल लिहायच्या आधी एका पक्षाची साक्ष राहिली होती. ज्यांचे हात दिवसातून कितीतरी वेळ या साबणात असतात त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. आमच्याकडे भांड्यांना येणाऱ्या ताई झाबुआकडच्या. पाच घरची कामं करतात. मी म्हटलं, "हाथ दिखाओ जरा." त्यांनी संकोचत दाखवले. बोटांची सालं निघालेली, अंगठ्याजवळ लाल चीर. मला वाड्यातल्या बाई आठवल्या. साठ वर्षांत राखेची वडी झाली, वडीची बाटली झाली, चीर तिथेच. आमच्या नातवाच्या वाटीत राहणारा साबण कितीसा, एखादा थेंब. यांच्या हातावर तो रोज चार-पाच तास. आणि त्या जाता जाता म्हणाल्या, "बाबूजी, घर पे तो बर्तन मेरी लड़की कर लेती है।" मुलगी किती वर्षांची? आठ.

"लहान मुलं असलेलं कुटुंब" म्हणताना आम्ही सगळे आपल्याच दोन नातवंडांकडे बघत होतो. मोरीच्या पलीकडे अजून एक कुटुंब होतं आणि तिथे लहान मूल साबण नुसतं खात नव्हतं, वापरत होतं.

मग निकाल दिला. कोणाचाच प्रस्ताव पूर्ण मंजूर नाही आणि कोणाचाच फेटाळला नाही. आता आमच्या घरची पद्धत अशी आहे :

बिनवासाचा, बिनरंगाचा साधा भांड्यांचा द्रव आणतो, भाव मधला. पान असो नसो, मागची बाजू वाचून. वडी बंद. एका वाटीभर पाण्यात एक छोटा चमचा द्रव, त्यातच घासणी बुडवायची, बाटली थेट घासणीवर ओतायची नाही. मी वहीत टिपून ठेवलंय, आधी महिन्याला दोन बाटल्या लागायच्या, आता एक उरते. म्हणजे दर्जा थोडा महाग घेऊनही खर्च वाढला नाही.

खरकटं आधी काढायचं, तेलकट कढई जुन्या कागदाने पुसून गरम पाण्याने भिजवायची. निम्मं काम साबणाशिवायच होतं.

मुलांची भांडी पहिल्यांदा, वेगळ्या घासणीने. तीन बादल्यांऐवजी आता नळाची धार, पण आतून-बाहेरून दोन्हीकडून, आणि अंगठ्याचा "कुर्र" आवाज आल्याशिवाय फळीवर नाही. हे काम आमची ही स्वतः करते, आजीच्याच थाटात. दुधाच्या बाटलीऐवजी वाटी-चमचाच ठेवलाय. बाटलीच्या बुचाचे कोपरे नीट निघत नाहीत, हे बालरोगतज्ज्ञही सांगतात. रिठ्याचं पाणी रविवारी, चांदीच्या भांड्यांना आणि पेल्यांना. तेवढा हिचाही मान राहतो.

घासणी रोज उन्हात. ओली घासणी म्हणजे जंतूंचं बिऱ्हाड, मग बाटलीवर 99.9 टक्के लिहिलेलं असून उपयोग काय?

बाटली, ॲसिड, फिनाईल सगळं वरच्या कप्प्यात, कडी लावून. थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत काहीही भरून ठेवायचं नाही, हा नियम माझा आणि त्यावर चर्चा नाही. संडासाचं ॲसिड आणि ब्लीच कधी एकत्र करायचं नाही, विषारी क्लोरीन वायू होतो. आणि फ्रिजवर एक नंबर चिकटवलाय : दिल्लीच्या एम्समधल्या राष्ट्रीय विषबाधा माहिती केंद्राचा, 1800 116 117. मुलाने काही गिळलं तर स्वतःच्या मनाने उलटी करवायची नाही. बाटली बरोबर घ्यायची आणि दवाखाना गाठायचा.

ताईंना रबरी मोजे आणले तेव्हा त्या म्हणाल्या, "गिलास फिसलता है।" बरोबर होतं. मग काचेची भांडी घरातल्यांनी धुवायची असं ठरलं आणि बाकीच्यांना मोजे. काम झालं की हात पुसून नारळाचं तेल, ओट्यावरच बाटली ठेवलीय. महिन्या-दीड महिन्यात चीर भरली. दर महिन्याला उरते ती दुसरी बाटली त्या घरी नेतात. मुलीला त्यांनी वाटीत पातळ करून वापरायला शिकवलंय, आणि बाटली वरच्या फळीवर ठेवायची हेही. मोजे लहान मापाचे बाजारात मिळत नाहीत. मी ताईंना म्हटलं, भांडी तूर्त तुम्ही करा, तिला शाळेचा अभ्यास करू द्या. त्या हसल्या. पाच घरं करून आल्यावर सहावं घर कुठल्या हातांनी करणार, याचं उत्तर माझ्याजवळही नव्हतं. महिन्याचे पैसे वाढवले, म्हणजे त्यांना एक घर सोडता आलं. आता आठवड्यातून चार दिवस भांडी त्याच करतात. तीन दिवस अजून मुलगीच.

सूनबाई विचारते, "म्हणजे बाबा, माझी बाटली नामंजूर?" मी म्हटलं, नामंजूर नाही, अटींवर मंजूर. अट एकच : विसळलं पाहिजे.

बडोदा, ग्वाल्हेर, हैदराबाद, बेळगाव, गोवा इथल्या मंडळींनी आपापल्या मोरीच्या आठवणी जरूर लिहाव्यात. तुमच्याकडे कशाने घासत होते, राख, माती, चिंच की आणखी काही? आणि मुख्य म्हणजे कोण घासत होतं, आणि त्यांचे हात कसे होते, तेही आठवून लिहा.